अभिप्रायाचा रकाना उघडण्याआधी

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या एका काकांच्या दुकानाची वेबसाइट मी करून दिली. गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहिता यावा म्हणून रकाना उघडा ठेवला, तयारी शून्य. तिसऱ्या आठवड्यात कापशी पायताणाच्या फोटोखाली कुणीतरी ‘लई भारी, करकर वाजतंय’ असं लिहिलं होतं आणि त्याच्याखाली ओळीनं कसिनोच्या लिंका. काकांचा फोन आला, “हे आपलंच दुकान न्हवं?” तेव्हापासून कुणाचंही काम घेतलं की आधी एवढं उरकून घेतो.

लिंक टाकू द्यायची का, ते पहिलं ठरवा. माप सैल झालं हे सांगायला लिंक लागत नाही, म्हणून मी शक्यतो देतच नाही. द्यायचीच असेल तर वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्यावर बांधतो त्या सॉफ्टवेअरच्या, ‘डिस्कशन’ सेटिंगमध्ये जा. दोन किंवा जास्त लिंका असलेला मजकूर मंजुरीसाठी अडवायचा, असं तिथं आधीपासून असतं; त्या दोनाचा एक करा. वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायची जोडणी, असेल तर ज्यानं खरेदी केली त्यालाच अभिप्राय लिहिता येईल, हा पर्यायही लावून टाका.

मग लिंकेवरचा शिक्का, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिंकेला लावलेली खूण. दुसऱ्याकडे गेलेली लिंक सर्च इंजिनला शिफारशीसारखी वाटते. कसिनोवाल्याला तुमचं गिऱ्हाईक नको असतं, तुमच्या नावाचं वजन उसनं हवं असतं. ते मिळू नये म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ मान्य केलं, म्हणजे ‘ही लिंक माझी शिफारस नाही’ असं सांगणारा शिक्का. २०१९ मध्ये गूगलनं त्यात दोन शिक्क्यांची भर घातली: बाहेरच्यांनी टाकलेल्या लिंकेला ‘यूजीसी’, पैसे घेऊन लावलेलीला ‘स्पॉन्सर्ड’. आता गूगल हे शिक्के हुकूम न मानता इशारा मानतं, पण लावायचे ते लावायचेच. लागलेत का ते डोळ्यांनी बघा: स्वतः एक खोटा अभिप्राय लिंकेसकट टाका, मंजूर करा, कंट्रोल आणि यू दाबून पानाचा कोड उघडा आणि त्या लिंकेशेजारी ‘नोफॉलो’ किंवा ‘यूजीसी’ शोधा. झालं की तो अभिप्राय आठवणीनं पुसा. मी एकदा विसरलो होतो.

शिक्का मारला म्हणून कचरा यायचा थांबत नाही. आपोआप लिंका टाकत सुटणारा प्रोग्राम, म्हणजे बॉट, काही शिक्का वाचत बसत नाही. गिऱ्हाइकाला तर तो दिसतही नाही, बोट लागलं की ते गेलंच तिकडं. तेव्हा कचरा अभिप्राय ओळखून बाजूला काढणारी अकिस्मेटसारखी गाळणी लावा. दुकानासाठी ती फुकट नाही, हा खर्च मालकाला आधीच सांगा, नंतर कुरबूर नको.

रागाच्या भरात मी सगळ्याच लिंकांना नोफॉलो लावलं होतं, अगदी आपल्याच मापाच्या तक्त्याकडे जाणाऱ्या लिंकेलाही. तसं करू नका. घरातल्या घरात कसला शिक्का?

‘हजार बॅकलिंका देतो, पहिल्या पानावर आणतो’ असे फोन येतील; बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक. रँक वाढवायला विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमात बसत नाहीत. फोन ठेवून द्या. साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल मात्र पहिल्या दिवशीच जोडा आणि त्यातलं ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ महिन्यातून एकदा उघडा; गूगलनं साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथं दिसते.

राहिलं मंजुरीच्या रांगेचं. ती रोज कोण बघणार, ते माणूस ठरवून ठेवा. काकांकडे सूनबाई बघतात, शटर वर केल्यावर, पहिल्या गिऱ्हाइकाआधी. परवा त्यांना रांगेत इचलकरंजीच्या एका बाईंचा मजकूर सापडला. लिंक होती, म्हणून अडकलेला. उघडली तर पायाचा फोटो: अंगठा घासतोय, काय करू? काकांनी गल्ल्यावरूनच सांगितलं, “रात्री पायताणाला तेल लावून ठेवा म्हणावं.”