गरोदर बाईला डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिकापासून कसे जपावे

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही विषाणू एडिस जातीचे डास पसरवतात, आणि हे डास घरात भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. कर्नाटकातल्या खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हौद, रांजण, पिंप भरून ठेवावेच लागतात. म्हणून घरात कोणी गरोदर असेल, तर पहिले काम न्हाणीघरापासून सुरू करावे.

आठवड्यातला एक वार ठरवून सगळी भांडी रिकामी करावीत. रांजणाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काजळीच्या कणांसारखे काळे ठिपके चिकटलेले दिसतात. ती डासाची अंडी असतात आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, नारळाच्या काथ्याने कडा खरवडून घासावी लागते. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणूनच हे काम दर आठवड्याला करावे. जो हौद उपसता येत नाही, तो घट्ट झाकावा किंवा आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून त्यात सोडावेत. फ्रिजमागचा ट्रे, जुने टायर आणि गवताच्या गंजीवरच्या प्लॅस्टिकमध्ये साचलेले पाणी विसरू नये. हे सारे नवऱ्याने किंवा दिराने करावे; पोटुशी बाईला हौदात उतरवू नये.

एडिस दिवसा चावतो. निपाणीकडे मांडीवर सूप घेऊन बिडी वळणारी बाई तासन्‌तास जमिनीवर बसते आणि तिचे घोटे उघडे राहतात. तिने पाय झाकावेत, डास पळवणारे मलम पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे लावावे आणि दुपारी पडतानाही मच्छरदाणी वापरावी.

ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंना कळवून, तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचे सरकारी कार्ड) घेऊन आरोग्य केंद्रात जावे. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूसाठी एनएस-1 तपासणी उपयोगी पडते. तापावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त पॅरासिटामॉल घ्यावे; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळावे. पेज, ताक, ओआरएस थोडे थोडे देत राहावे. पपईच्या पाल्याचा रस पाजत घरी थांबणे मला फार धोक्याचे वाटते. चिठ्ठी कन्नडमध्ये असेल, तर ती मराठीत समजावून घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नये.

डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावर घ्यावी लागते. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळू शकतो. गरोदरपणात रक्त मुळातच पातळ झालेले असल्याने ते दाट होऊ लागल्याचे तपासणीतही उशिरा कळू शकते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त जाणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर 108 ला फोन करून रक्तपेढीची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

झिकाची लक्षणे बहुतेकांना जाणवतच नाहीत, पण गर्भाच्या मेंदूची वाढ त्याने खुंटू शकते. 2024 मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांनाही त्याची लागण झाली होती, आणि आपल्याकडचे कितीतरी पुरुष तिकडे कामाला असतात. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. त्यामुळे नवरा साथीच्या भागातून आला असेल, तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरावा.

बाळंतपणाच्या तोंडावर ताप आला, तर प्रसूती घरी मुळीच करू नये आणि डॉक्टरांना तापाबद्दल आधीच सांगावे, कारण डेंग्यू आणि चिकुनगुन्या आईकडून बाळाला होऊ शकतात. जन्मानंतर आठवडाभर बाळाला ताप येतो का, ते दूध ओढते का, याकडे लक्ष ठेवावे. अंगावर पाजणे मात्र थांबवू नये.