माळरान सुधारताना या चुका टाळा

माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी तो पक्षी आता तिथे क्वचितच दृष्टीस पडतो. माळटिटवी, धाविक, चंडोल हे माळावरचे छोटे पक्षी मात्र गावोगावच्या गायरानांवर अजून टिकून आहेत आणि त्यांच्यासाठी काही करावे असे वाटणारी माणसेही आहेत. पहिली चूक होते ती इथेच, कारण काही करायचे म्हटले की आपल्याला झाडेच सुचतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला चहूबाजूंनी मोकळी नजर लागते; माळावर उभे केलेले झाड कावळ्याला आयती टेहळणीची जागा देते. आम्हीही एका गायरानात हौसेने खड्डे घेतले होते. रोपे उन्हाळ्यात वाळली, आणि पहिल्या पावसानंतर वर काढलेल्या मुरमावर गवत नव्हे, गाजरगवत उगवले. पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत घेतलेले सलग समतल चर खणूनही गवताची जुनी वीण अशीच उसवते.

वेडी बाभूळ, म्हणजे माळावर पसरणारे बाहेरून आलेले काटेरी झाड, काढावी, पण नुसती तोडू नये. जमिनीखालचा गड्डा राहिला तर एका बुंध्याचे दहा फुटवे होतात.

मारवेल, पवना या माळावरच्या गवतांचे बी जवळच्याच माळावरून गोळा करावे. कुसळी या गवताला तर आपली गरजही लागत नाही: तिचे कुसळ ओले झाले की पीळ सुटत फिरते आणि बी स्वतःच मातीत रुतते. (आपले पायमोजेही ती सोडत नाही.) म्हणून बी झडण्याआधी कापणी करू नये.

चराईला कायमची बंदी घातली आणि गवत कमरेएवढे झाले, की उघड्या जमिनीवर धावणारा धाविक तिथून निघून जातो. माळाचे तुकडे पाडून आळीपाळीने गुरे सोडावीत; मात्र माळटिटवी उन्हाळ्यात उघड्यावरच अंडी घालत असल्याने त्या दिवसांत गाड्या ठरलेल्या वाटेनेच न्याव्यात.

पाण्याच्या बाबतीत प्लास्टिक अंथरलेले, उभ्या काठाचे शेततळे म्हणजे पाणथळ नव्हे. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचे पाणी उतरू लागले की शेकाट्या आणि तुतारी हे काठावरचे पक्षी उघड्या पडलेल्या चिखलात चरतात, भर पाण्यात नाही. तेव्हा गावतळ्याचा गाळ काढताना निदान एक काठ उतरता, उथळ ठेवावा आणि तिथे दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) करू नये.