नेट सारखं जातंय? आधी तुटतंय कुठे ते शोधा

मागच्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या आमच्या घरी नेट सारखं जायचं. मुलीचा ऑनलाइन क्लास संध्याकाळी साडेसातला. शिक्षकांचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा, मग लॅपटॉपवर गोल फिरणारं चक्र. राउटर बंद-चालू केला की दहा मिनिटं बरं चालायचं, पुन्हा तेच. तक्रार केली की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यायचा आणि नेमकं तेव्हा नेट झकास असायचं. स्पीड टेस्ट दाखवून तो निघून जायचा. असे तीन आठवडे गेले. त्या काळात मी जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. मुलांचे वर्ग, घरून चालणारी नोकरी, दवाखान्याचा व्हिडिओ कॉल, सगळं आता याच तारेवर आहे. ती तार भरवशाची असलीच पाहिजे.

नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकीत पाणी आहे का बघतो, मग शेजारी विचारतो. नेटचंही तसंच करायचं. पहिला टप्पा लॅपटॉप ते राउटर, म्हणजे घरातलं वायफाय. दुसरा राउटर ते कंपनी, म्हणजे खांबावरून आलेली तार. तिसरा त्यापुढचं सगळं. कुठला टप्पा तुटतोय हे कळल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

आधी दिवे बघा

नेट जाईल त्या क्षणी उठून मोडेमपाशी जा, म्हणजे बाहेरची तार ज्या डब्यात येते तिथे. अनेक घरांत मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतात. फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार, असेल तर त्यावर पीओएन आणि एलओएस अशी नावं असलेले दोन दिवे असतात. पीओएन स्थिर हिरवा आणि एलओएस विझलेला असेल तर तारेतून प्रकाश येतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. मग लॅपटॉपला हात लावायचं कारण नाही, सरळ तक्रार करा.

सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर मोडेमच बंद पडून सुरू होतोय. कारण बहुतेक वेळा अडॅप्टर असतं: सैल पिन, किंवा तीन-चार वर्षं वापरून दमलेला अडॅप्टर. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायच्या क्षणभरातही मोडेम बंद पडू शकतो आणि मग पुन्हा जोडायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच.

मोडेममध्ये जाणारी बारीक तार, बहुतेक पिवळी आणि टोकाला हिरवा कनेक्टर असलेली, कपाटाच्या मागे दाबली गेलीय का पाहा. तिच्या आत केसाएवढी काच असते. बांगडीच्या गोलाईपेक्षा घट्ट वळवली की प्रकाश बाहेर गळतो. आणि ती तार उपसून टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण तो तिथे असतो.

दोन खिडक्यांची चाचणी

सगळ्यात उपयोगी गोष्ट ही. पैसे लागत नाहीत, वेगळं अ‍ॅप लागत नाही. फोनवर बहिणीला सांगितलं तसंच सांगते.

१. विंडोजच्या सर्चमध्ये सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. काळी खिडकी उघडेल. पुढचं सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं.

२. आय-पी-कॉन्फिग असा एक सलग शब्द लिहून एंटर दाबा. आलेल्या यादीत वायफायच्या खाली 'डिफॉल्ट गेटवे' शोधा. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असतो. तो तुमच्या राउटरचा पत्ता. कागदावर लिहून घ्या.

३. आता पी-आय-एन-जी, एक जागा मोकळी, तो पत्ता, पुन्हा जागा मोकळी, मग वजाबाकीचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी. एंटर. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारेल आणि त्याच्या उत्तराची एक ओळ येत राहील.

४. दुसरी काळी खिडकी उघडा आणि तेच करा, फक्त पत्ता ८.८.८.८ द्या. हा गूगलचा बाहेरचा सर्व्हर आहे.

दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि नेट जायची वाट बघा. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी. मॅकवर टर्मिनलमध्ये हेच चालतं, शेवटचं वजा-टी लागत नाही, आणि राउटरचा पत्ता वायफायच्या सेटिंगमध्ये सापडतो.

राउटरच्या खिडकीत उत्तर साधारण एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवं, मधूनच वीस-तीस दिसलं तरी काळजी नाही. नेट गेल्यावर दोन्ही खिडक्यांत एकदम 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातच तुटलंय. राउटरची खिडकी शांतपणे चालू आणि फक्त बाहेरची थांबली, तर तुमचं वायफाय ठीक आहे, दोष बाहेरच्या तारेत किंवा कंपनीकडे. दोन्ही चालू आणि तरी वेबसाइट उघडत नसेल तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) किंवा अँटिव्हायरस यांच्याकडे बघा.

चौथा प्रकार फसवा असतो. उत्तरं येत राहतात, पण बाहेरच्या खिडकीतला वेळ वीसवरून चारशे-पाचशेवर जातो. म्हणजे घरातलं कुणीतरी तार भरून टाकतंय. बहुतेक वेळा एखादा फोन लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. तो बॅकअप रात्रीवर टाका, तक्रारीची गरजच पडणार नाही.

दोष वायफायचा असेल तर

एक लॅन केबल घ्या आणि लॅपटॉप थेट राउटरला जोडा. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचं छोटं कनेक्टर मिळतं. एक संध्याकाळ तसं वापरा. केबलवर अडचण गेली तर वायफायच दोषी, यात शंका उरत नाही.

मग राउटर कुठे आहे ते बघा. तार ओढणारा माणूस कमीत कमी केबल लागेल अशी जागा निवडतो, म्हणजे दाराजवळ, टीव्हीच्या मागे, नाहीतर चपलांच्या कपाटावर. आपणही तो तिथेच ठेवतो. वायफायला लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी आणि सळयांचं काँक्रीट हे चार अडथळे फार जड जातात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींचंही तेच. राउटर घराच्या मध्यात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर आणा. चार मीटर जास्तीची लॅन केबल टाकून हे जमतं आणि महागड्या नव्या राउटरपेक्षा याचा गुण जास्त येतो, हा माझा ठाम अनुभव आहे.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीही बऱ्या ओलांडतो, पण त्या पट्ट्यावर सगळ्या इमारतीची गर्दी असते. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींनंतर दमतो. लॅपटॉप राउटरच्याच खोलीत असेल तर ५ वापरा. अनेक राउटर दोघांना एकच नाव देतात आणि लॅपटॉप दोन्हींमध्ये उड्या मारत राहतो, प्रत्येक उडीला कॉल अडखळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या आणि दोन दिवस लॅपटॉप एकाच नावाला जोडून ठेवा.

प्रत्येक पट्ट्यात चॅनेल नावाच्या छोट्या वाटा असतात. चॅनेल 'ऑटो'वर असेल तर २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात कमी गर्दीचं निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ साठी ३६ ते ४८ यांपैकी एक. त्यावरच्या काही चॅनेलवर रडारचा संकेत दिसला तर राउटरला नियमाने जागा सोडावी लागते, आणि तेवढा वेळ आपलं नेट जातं.

एक सावधगिरी. राउटरच्या मागे सुई घालून दाबायचं बारीक भोक असतं. ते दाबू नका. कंपनीने घातलेलं युजरनेम, पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि अडचण होती त्याहून मोठी होते.

दोष लॅपटॉपचा असेल तर

त्याच जागेवर, त्याच वेळी फोनवर नेट नीट चालतंय आणि फक्त लॅपटॉपवर जातंय का, एवढं पाहा. तसं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर, त्यातलं वायफायचं नाव, त्यात पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. चार्जर लावल्यावर ठीक आणि बॅटरीवर नेट जातं, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. काही लॅपटॉपवर पॉवर मॅनेजमेंट दिसतच नाही, तिथे बॅटरीचा मोड बदलून पाहा. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

२.४ वर असाल आणि शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा हब जोडलेला असेल तर तो काढून बघा. त्याच्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो.

विंडोजमध्ये एक लपलेला अहवालही आहे. काळी खिडकी या वेळी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि चार शब्द लिहा: एन-ई-टी-एस-एच, डब्ल्यू-एल-ए-एन, एस-एच-ओ-डब्ल्यू, आणि शेवटी डब्ल्यू-एल-ए-एन ला चिकटून रिपोर्ट. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी तुटलं, कधी जोडलं, त्याचा आलेख असलेलं पान तयार होतं. पान कुठे ठेवलंय तेही तिथेच लिहून येतं.

वेबसाइटच उघडत नसतील तर डीएनएसच्या जागी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घालून पाहा. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी, कारण त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात.

दोष बाहेरचा असेल तर वही काढा

आमच्याकडे राउटरची खिडकी शांत चालायची आणि बाहेरची थांबायची. मी मुलीच्या जुन्या वहीत तारीख, वेळ, कुठला दिवा, किती मिनिटं, हे लिहू लागले. सहाव्या दिवशी मुलीनेच ओळखलं: ज्या संध्याकाळी जोराचा पाऊस, त्याच संध्याकाळी नेट जात होतं. सकाळपर्यंत वाळायचं, म्हणून येणाऱ्या माणसाला काही सापडत नव्हतं.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'राउटरपर्यंत उत्तर येतं, बाहेर जात नाही, एलओएस लाल होतो, पाऊस पडला की होतं' असं सांगा. दोन्ही खिडक्यांचा फोटो पाठवा. आलेल्या माणसाला मोडेमचा आरएक्स पॉवर, म्हणजे तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघायला सांगा. तो डीबीएम या एककात, उणे आकड्यात असतो. उणे वीसच्या आसपास चांगला, उणे सत्तावीसला बहुतेक मोडेमांची हद्द येते.

डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, दर वेळी घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे आधी ही वाट धरा.

वही बघून या वेळी लाइनमन संध्याकाळी, भर पावसात आला. आमच्या मोडेमवर उणे अठ्ठावीस दिसलं. कोपऱ्यावरच्या खांबावरचा डबा उघडला तर झाकणाची रबरी पट्टी फाटलेली आणि जॉइंटमध्ये पाणी. त्याने तिथेच छत्रीखाली तार पुन्हा जोडली, डबा बदलला. आकडा उणे एकवीसवर आला. मी त्या रात्री अकरापर्यंत दोन्ही खिडक्या चालू ठेवल्या, बाहेर पाऊस होता आणि एकही ओळ चुकली नाही.