मेंदूतला फुगा फुटल्यावर: वयस्कर रुग्णाच्या घरच्यांची तयारी

मेंदूतला फुगा म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगवटा (अ‍ॅन्युरिझम); तो फुटला की मेंदूभोवती रक्तस्राव होतो. सगळ्यात आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आजारापूर्वीचं आपलं माणूस उतरवून काढा. चालताना आधार लागायचा का, ऐकू कितपत यायचं, पैशांचा हिशोब स्वतः ठेवायचे का, रक्तदाब एरवी किती असायचा. ‘वय झालंय, असं व्हायचंच’ हे पुढे अनेकदा कानावर पडेल. त्याला उत्तर द्यायला हेच पान लागतं. खाली सगळी औषधं लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याभोवती गोल करा.

कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप (छोटा चिमटा) लावलेली असो की मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून फुग्यात कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) भरलेली असो, फुगा बंद झाला म्हणजे सुटलो असं धरू नका. दिवस मोजायचे ते रक्तस्राव झाला तेव्हापासून, ऑपरेशनपासून नव्हे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. काल नीट बोलणारं माणूस आज शब्द चाचपडायला लागलं, एक हात ढिला पडला, उठवूनही डोळे मिटायला लागलं, तर त्याच मिनिटाला सिस्टरना सांगा, राउंडची वाट पाहू नका. या आकसण्यामुळे होणारं नुकसान कमी करायला दिलेल्या निमोडिपिनच्या गोळ्या बहुधा दर 4 तासांनी, रात्रीसुद्धा, 21 दिवस असतात. मधेच घरी सोडलं तर मोबाइलवर गजर लावून ठेवा. त्यांनी रक्तदाब उतरतो, चक्कर येऊ शकते; तरी डॉक्टरांना न विचारता त्या थांबवू नका.

चष्मा, कवळी, कानाचं यंत्र पिशवीत आधीच भरून ठेवा. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, म्हातारी माणसं बरळतात, नळ्या ओढतात. ओळखीचा आवाज आणि डोळ्यांवरचा चष्मा यांनी खरंच फरक पडतो. पण बरळणं नवं असेल तर रक्तातलं सोडियम तपासलंय का, हे जरूर विचारा. या आजारात ते घसरतं, आणि घसरलं की माणूस गोंधळतो. जंतुसंसर्ग, फिट, मेंदूत साठलेलं पाणी यांनीही तसंच होतं.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. ठसक्यातून न्यूमोनिया होतो. कूस किती वेळाने बदलायची, पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून काय चाललंय, तेही विचारून वहीत टिपा.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात चालतानाचा छोटा व्हिडिओ काढा, मग दर महिन्याला एक. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, डोक्यात हळूहळू पाणी साठू शकतं: पावलं जमिनीला चिकटल्यासारखी पडतात, लघवी कपड्यांतच होते, विसरणं वाढतं. हे म्हातारपण समजून घरात महिने निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण शंट (जास्तीचं पाणी डोक्यातून काढून पोटाकडे नेणारी बारीक नळी) बसवून यात सुधारणा होऊ शकते. व्हिडिओ आणि वहीचं पहिलं पान घेऊन न्यूरोसर्जनकडे जा.

डिस्चार्जच्या दिवशी पुढच्या अँजिओग्राफीची तारीख आणि क्लिप किंवा कॉइलचं कार्ड मागून घ्या. पुढे कधीही एमआरआय करायचा झाला तर ते आधी दाखवावं लागेल. एक फोटो तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा.