घरचा माणूस मुंबईच्या आर्थर रोड जेलला गेला आणि त्याची मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर

सगळ्यात आधी फाईल शोधा, वकिलाच्याही आधी. केईएम, नायर, ठाण्याचं मनोरुग्णालय, जिथे कुठे ट्रीटमेंट चालू असेल तिथले केसपेपर, शेवटचं प्रिस्क्रिप्शन, गोळीचं नाव आणि डोस. माझ्या मावसभावाच्या वेळी आम्ही चौथ्या दिवशी कागद नेले, तोवर त्याची झोप पार उडालेली आणि बराकीतले म्हणत होते नाटकं करतो, म्हणून सांगतेय एक दिवससुद्धा घालवू नका. काही गोळ्यांचं तर असं असतं की, उदाहरणार्थ क्लोझापिन, दोन दिवसांच्या वर खंड पडला की जुना डोस सरळ देत नाहीत, परत थोड्यापासून चढवत न्यावा लागतो.

पोलीस कस्टडीत असतानाच रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटसमोर वकिलाला बोलायला लावा की याला हा आजार आहे, ही औषधं चालू आहेत, आणि ते ऑर्डरमध्ये लिहून घ्या. वकील नसेल तर १५१०० ला फोन करा, कोठडीतल्या माणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो.

जेलमध्ये गेल्यावर अधीक्षक आणि जेलचे मेडिकल ऑफिसर दोघांच्या नावाने अर्ज, सोबत कागदांच्या झेरॉक्स, आणि एका कॉपीवर पोच घ्याच. नुसतं गेटवर सांगून आलात तर नंतर दाखवायला हातात काही राहत नाही. मुलाकतीला गेलात की झोप, जेवण, गोळी रोज मिळते का हे विचारा, आणि जीव द्यायचं वगैरे बोलला तर तिथल्या तिथे अधिकाऱ्याला सांगा, लेखी पण द्या.

तब्येत जेलमध्ये सांभाळता येत नसेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ लक्षात ठेवा, त्यात अशा कैद्याला बाहेरच्या मानसिक रुग्णालयात हलवायची सोय आहे. आणि केस काय चाललीय हेच त्याला कळत नसेल तर वकिलाला बीएनएसएसची (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याची) कलमं ३६७ ते ३६९ बघायला सांगा. कोर्ट तपासणी करायला लावतं, आणि ॲडमिट करायची गरज नसेल आणि घरचं कोणी नियमित ओपीडी ट्रीटमेंटची हमी देत असेल तर सोडूही शकतं.

तुम्हालाच ताण असह्य झाला तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

सुटकेच्या दिवशी आत कोणती औषधं चालू होती त्याचा कागद मागून घ्या, आणि रात्रीची गोळी घरून सोबत न्या, कारण सुटायला उशीर झाला तर मेडिकल शोधत फिरावं लागतं.