मोड आलेल्या नाचणीतलं अमायलेज: पदवीच्या प्रकल्पात या चुका टाळा

बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या प्रकल्पाला अमायलेज, म्हणजे स्टार्चची साखर करणारं एन्झाइम, सोयीचं. नाचणी वाण्याकडे मिळते, रसायनं कपाटात असतात, रंग डोळ्यांना दिसतो. तरी सत्र संपत आलं की "सर, एन्झाइम कामच करत नाही" सुरू होतं. बहुतेक वेळा एन्झाइम ठणठणीत असतं; लावायला हवी ती नळी लावलेली नसते.

पहिली अशी नळी शून्य मिनिटाची. मोड येताना दाण्यात साखर तयार झालेलीच असते, आणि साखर अर्कातली की अभिक्रियेतली हे डीएनएसला (साखरेसोबत रंग देणाऱ्या रसायनाला) कळत नाही. म्हणून 0.5 मिलि 1% स्टार्चमध्ये आधी 1 मिलि डीएनएस घाला, मग 0.5 मिलि अर्क. डीएनएसमधल्या अल्कलीमुळे एन्झाइम तिथेच थांबतं. समजा 540 नॅनोमीटरला या नळीचा ओडी (रंगाच्या गडदपणाचं माप) 0.6 आला आणि पाच मिनिटांच्या नळीचा 0.7, तर एन्झाइमची कमाई फक्त 0.1. नुसत्या पाण्याच्या ब्लँकवर (शून्य धरायच्या नळीवर) भागवलं की उत्तर सातपट फुगतं. गंमत म्हणजे फुगलेलं उत्तर कोणाला खटकत नाही. डायलिसिसनंतर (लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पिशवीत अर्क ठेवल्यावर) साखर निघून जाते, आकडा कोसळतो आणि खापर शुद्धीकरणावर फुटतं.

वेळेचंही तसंच. छापील कृतीत 15 मिनिटं आहेत म्हणून एकच रीडिंग घेऊ नका. 0, 1, 2, 4 आणि 8 मिनिटांच्या नळ्या लावा आणि आलेखाच्या सरळ भागावरूनच वेग काढा. दोन मिनिटांतच रेघ वाकली तर अर्क 10 किंवा 20 पट पातळ करा. स्टार्च त्याच दिवशी उकळून केलेला हवा. रात्रभर ठेवला तर गढूळ होतो. साखर मोजायला प्रमाण म्हणून घेतलेल्या माल्टोजच्या बाटलीवरचं लेबलही वाचा: मोनोहायड्रेटचा रेणूभार 360.3, निर्जल माल्टोजचा 342.3. इथे गल्लत झाली की सगळ्या बॅचच्या युनिट्समध्ये (एन्झाइमच्या क्रियेच्या मापात) 5 टक्क्यांची चूक.

अर्कासाठी 10 ग्रॅम मोडांना 40 मिलि थंडगार अ‍ॅसिटेट बफर (50 मिलिमोलर, पीएच 5) पुरतो. त्यात 5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड हवंच, कारण अल्फा-अमायलेजला कॅल्शियम लागतं. फॉस्फेट बफर घेतला तर कॅल्शियमचा साका बसतो, ईडीटीए घातलं तर तेच कॅल्शियम अडकतं. मिक्सर दहा-दहा सेकंदच फिरवा, मधे भांडं बर्फात ठेवा. सालातल्या फिनॉलमुळे अर्क तपकिरी होतो आणि प्रथिनं अडकतात. वाटतानाच 1% पीव्हीपीपी (फिनॉल धरून ठेवणारी पूड) घाला. सेंट्रिफ्यूजसाठी "10,000 आरपीएम" एवढंच लिहू नका. 8 सेंमी त्रिज्येच्या रोटरला ते सुमारे 8,900 जी (गुरुत्वाच्या इतके पट) होतं, 5 सेंमीच्या रोटरला जेमतेम 5,600.

प्रथिनं खाली बसवणाऱ्या अमोनियम सल्फेटचा तक्ता तापमान बघून वापरा. 100 मिलि अर्क 60% संपृक्त करायला 0 अंशाला 36.1 ग्रॅम लागतं, 25 अंशाला 39. पूड बारीक करून चिमूट-चिमूट घाला. एकदम ओतलं तर त्या जागी संपृक्तता वाढून नको ती प्रथिनंही खाली बसतात. डायलिसिसची पिशवी एक तृतीयांश रिकामी ठेवा, पाणी आत शिरून ती तट्ट फुगते. मीठ पुरतं गेलं नसेल तर प्रथिनं मोजायच्या लोवरी पद्धतीचं रीडिंग भरवशाचं नाही, ब्रॅडफर्ड पद्धत वापरा. शुद्धीकरणाच्या तक्त्यात उत्पन्न (सुरुवातीच्या युनिट्सपैकी उरलेली) 100 टक्क्यांच्या वर गेलं तर आकडा खोडू नका. आधी डायल्यूशनचा गुणक तपासा; तो बरोबर असेल तर एखादा अवरोधक निघून गेला असेल, आणि प्रकल्पातला खरा प्रश्न तिथेच सापडेल.

मार्गदर्शकांची मोठी चूक विषय देताना होते. "नाचणीतल्या एन्झाइमचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. "48 आणि 72 तास मोड आणलेल्या नाचणीत कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे किती युनिट्स?" हा प्रश्न आहे. कोरडं वजन अशासाठी, की मोडांतलं पाणी बदलतं आणि ओल्या वजनावरची तुलना फसते. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये काम कुठे थांबवायचं तेही आधीच ठरवा. सल्फेटचा साका थंडीत टिकतो, पातळ अर्क टेबलावर टिकत नाही. पहिल्याच दिवशी अर्काचे 0.5 मिलिचे भाग उणे 20 अंशाला ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवा. दर आठवड्याला त्यातला एक नव्या नमुन्यांसोबत चालवला की फरक नाचणीचा की त्या दिवशीच्या डीएनएसचा, हे लगेच कळतं.

केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग देणारी स्टार्चची तीव्रता) काढणाऱ्या गटाला एवढंच: स्टार्चच्या रेणूंची लांबी सारखी नसते, तेव्हा उत्तर मिलिमोलरमध्ये नको, मिग्रॅ/मिलिमध्ये द्या.