सातबारा हातात आहे, पण तेवढ्यावर भागत नाही

तासगाव तालुक्यातल्या आमच्या वीस गुंठ्यांवर भावकीनं हक्क सांगितला, तेव्हा मी नुसता सातबारा घेऊन वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, हा महसुली कागद. उलट पुरावा येईपर्यंतच खरा धरतात. जमीन आली कुठून ते दाखवा."

तिथून उलटं चालायचं. सातबाऱ्यावरचे फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, त्यांचे क्रमांक उतरवून घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून एकेका फेरफाराची नक्कल काढा. 'खरेदीने' लिहिलं असेल तर दुय्यम निबंधकाकडून, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयातून, खरेदीखताची प्रमाणित प्रत, 'वारसाने' असेल तर वारसनोंद.

आमचं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आजोबांच्या खरेदीखतात जुना सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर. विखुरलेले तुकडे एकत्र करायच्या सरकारी एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले होते. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढला तेव्हा कुठं मेळ बसला. हा कागद विसरूच नका!

मूळ खत ट्रंकेत होतं, घडीवर चिरलेलं. ते लॅमिनेट करू नका, अस्सल तपासता येत नाही. तीस वर्षांवरचा दस्त योग्य ताब्यातून आला, तर न्यायालय तो खरा धरू शकतं. म्हणून कुठं, कुणाकडे होता तेही लिहून ठेवा.

हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. शेतसाऱ्याच्या पावत्याही जोडा, ताबा दिसतो.